स्वयंपाकघर कुठंय?

आईला इंग्लंडातल्या बागा आवडत नाहीत. तसं ती कबूल करणार नाही. पण मागच्या दोन उन्हाळ्यांत मी तिला जिथे जिथे नेलं, तिथे दहाव्या मिनिटाला तिने बाक गाठला, बूट काढले आणि "तू ये फिरून, मी बसते" म्हणून मोकळी झाली. "देवाला वाहायची नाहीत, केसांत माळायची नाहीत, तोडायची तर नाहीतच. मग बघायची तरी किती वेळ?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून या जूनमध्ये तिला केंटमधल्या सिसिंगहर्स्टला नेताना मी आधीच सांगून ठेवलं, की तिथे एका कोपऱ्यात नुसत्या औषधी आणि वासाच्या झाडांची बाग आहे, आणि ती किल्ल्यात आहे. लंडनच्या चेअरिंग क्रॉसहून स्टेपलहर्स्टपर्यंत तासाभराची गाडी, पुढे टॅक्सी. गाडीत काचऱ्या-पोळीचा डबा संपला, तेव्हा बाहेर बिअरसाठी लागणारी हॉप्सची फुलं वाळवायच्या भट्ट्यांची ती टोकदार शंकूसारखी छपरं दिसायला लागली होती. आई म्हणाली, "देवळं छान आहेत."

उतरल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं. विटांचा एक उंच मनोरा, त्याला दोन टोकदार टोप्या, पुढे एक लांबलचक विटांचीच इमारत.

"किल्ला कुठंय?"

जन्म वाईचा. शाळेच्या खिडकीतून पांडवगड बघत मोठी झालेली बाई. तिला मी काय सांगणार? किल्ला नाहीच आहे तो. सोळाव्या शतकातला, बेकर नावाच्या घराण्याचा वाडा. 1573 च्या ऑगस्टमध्ये पहिली एलिझाबेथ राणी इथे तीन रात्री राहून गेली, तो या घराचा वैभवाचा काळ. मग उतरती कळा लागली. 1756 ते 1763 च्या सात वर्षांच्या युद्धात सरकारने इथे पकडलेले फ्रेंच खलाशी कोंबले. ते आपल्या तुरुंगाला 'शातो' म्हणायचे, त्याचंच इंग्रजीत 'कासल' झालं आणि नाव चिकटलं. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा प्रचंड इतिहास लिहिणारा एडवर्ड गिबन तरुणपणी पलटणीत असताना याच कैद्यांवर पहाऱ्याला होता, आणि इथल्या चिखलाबद्दल त्याने मनसोक्त कुरकुर करून ठेवली आहे. कैद्यांनी थंडीत लाकूडकाम जाळलं, भिंती फोडल्या. ते गेल्यावर वाड्याचा बराचसा भाग पाडूनच टाकला. 1796 पासून 1855 पर्यंत क्रॅनब्रुक गावाने तो भाड्याने घेऊन तिथे गोरगरिबांना ठेवलं, शेतात कामाला लावलं. नंतर शेतमजुरांची घरं झाली.

"म्हणजे कैद्यांनी नाव ठेवलं," आई म्हणाली. एवढं ऐकल्यावर तिला त्या विटांबद्दल जरा आपुलकी वाटायला लागलेली दिसली.

विटा सॅकव्हिल-वेस्ट इथे पहिल्यांदा आली ती 1930 च्या एप्रिलमध्ये. कवयित्री, कादंबरीकार, खानदानी घरातली एकुलती एक मुलगी. पण मुलगी, हीच अडचण. नोल नावाचा तिच्या घराण्याचा महाल, जिथे ती जन्मली, वाढली, तो वडील 1928 साली गेल्यावर तिला मिळाला नाही. काकाकडे गेला, कारण वारसा पुरुषाकडे जायचा. ते तिला आयुष्यभर सलत राहिलं. आणि दोन वर्षांनी ही अशी जागा समोर आली. पाणी नाही, वीज नाही, राहण्याजोगी एक खोली नाही. अंगणात कोबीचे दांडे, गंजके डबे, मोडक्या खाटा, बाटल्या. तिने शेतजमिनीसकट 12,375 पौंडांना ती घेतली. नुसता कचरा उपसायला तीनेक वर्षं गेली. त्या ढिगाऱ्यात एक जुना, गडद जांभळट गावठी गुलाब तगून होता, त्याला आता सिसिंगहर्स्ट कासल असंच नाव आहे. आणि नंतर कळलं की इथल्या बेकरांची एक मुलगी, सिसिली, 1555 च्या सुमाराला सॅकव्हिल घराण्यात दिलेली होती. म्हणजे विटाला मिळालं ते तिच्या एका फार दूरच्या आजीचं माहेर.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती थांबली. "माहेरचं काही मिळालं का कुणाला कधी," एवढंच म्हणाली आणि पुढे चालायला लागली. तिच्या भावाने वाईचं घर विकलं त्याला आता अकरा वर्षं झाली. तो विषय आमच्या घरात निघत नाही.

बागेचा आराखडा विटाच्या नवऱ्याचा, हॅरल्ड निकल्सनचा. परराष्ट्र खात्यातला माणूस, पुढे खासदार. त्याला सरळ रेघा आवडायच्या, कागदावर पट्टी घेऊन बसायचा. तिला रेघांच्या बाहेर सांडलेली झाडं आवडायची. दोघांच्या भांडणातून जी बाग झाली ती खोल्याखोल्यांची आहे. उंच कुंपणाच्या भिंती आणि त्यात दालनं, एकातून दुसऱ्यात. सगळं जग येतं ते त्यातल्या पांढऱ्या फुलांच्या दालनासाठी. आईने तिथे दोन मिनिटं काढली. "कुणी गेलंय का?" असं तिने विचारलं नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं.

आम्हाला जायचं होतं ते दालन अगदी शेवटचं. खंदकाच्या कडेची हिरवळ ओलांडायची, हेझलच्या झाडांची राई ओलांडायची, मग यू नावाच्या सदाहरित झाडांच्या दाट काळपट कुंपणात एक फट दिसते. आत चौकोनी तुकडा, मधोमध एकमेकांना छेदणाऱ्या वाटा, वाटांच्या कडेने वाफे. फार मोठा नाही. आमच्या वाईच्या वाड्याचा चौक असेल तेवढा, थोडा जास्त. मध्यभागी तीन सिंहांनी पाठीवर तोललेलं संगमरवरी भांडं. लग्न झाल्या झाल्या विटा आणि हॅरल्ड कॉन्स्टँटिनोपलला होते, तिथून 1914 साली त्यांनी ते आणलं. आता त्यात पाणी नाही, जाड पानांची, दगडफुलासारखी बसकी झाडं आहेत. एका बाजूला दगडी बैठक, तिच्यावर गादी म्हणून कॅमोमाइल लावलेलं. ती बैठक त्यांच्या ड्रायव्हरने, कॉपरने, वाड्याचे पडके दगड जमवून रचली. ड्रायव्हरकडून गवंडीकाम करून घेणं हे मला फार ओळखीचं वाटलं.

आई वाफ्यांमधून सावकाश फिरली. वाकून पाट्या बघितल्या, वाचल्या नाहीत. मग सरळ उभी राहून तिने विचारलं,

"आणि स्वयंपाकघर कुठंय?"

मी हातातला नकाशा उलगडला. स्वयंपाकघर होतं ते प्रीस्ट्स हाउस नावाच्या घरात, पार दुसऱ्या टोकाला, पांढऱ्या बागेपाशी. म्हणजे उकळत्या रश्शात चिमूटभर पानं टाकायची तर स्वयंपाकीणबाईने पदर, म्हणजे एप्रन, सावरत अख्खी बाग तुडवून यायचं, पानं खुडायची आणि तशीच तंगडतोड करत परतायचं. पावसात. इंग्लंडात.

आई इतकी हसली की तिला त्या कॅमोमाइलवर बसावंसं वाटलं. बसायची परवानगी नाही, मी तिला ओढून बाकावर आणलं.

तिचं म्हणणं साधं होतं. गवती चहा, पुदिना, ओवा, आलं, कढीलिंब हे मोरीच्या पाण्यावर, मागच्या दारात. हात लांब केला की मिळालं पाहिजे. आमटी खळखळतेय आणि बाई निघाली तीर्थयात्रेला, असं कसं चालेल? मलाही ते पटलं. शिवाय विटा स्वतः स्वयंपाक करणाऱ्यांतली नव्हतीच. ते कुटुंबच विचित्र राहायचं. ती लिहायला मनोऱ्यात, निजायच्या खोल्या एका कॉटेजात, जेवण आणि मुलं प्रीस्ट्स हाउसमध्ये. एका घराचे तुकडे बागभर विखुरलेले, आणि जेवायला जायचं तरी कोट घालून. पाहुण्यांसाठी खोलीच नाही, मुद्दाम. (आईने हे ऐकून हातच जोडले.) मी मनात एक निबंध रचायलाही घेतला होता, की गरज संपली की गरजेची बाग होते, श्रीमंत बायका औषधी झाडं शोभेला लावतात, वगैरे. चांगला जमला असता.

कारण इतिहास तसाच आहे. युरोपातल्या या बागांचा जुना नमुना पाहायचा तर स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅल मठात नवव्या शतकातला एका आदर्श मठाचा आराखडा जपून ठेवला आहे. त्यात वैद्याच्या घराला आणि आजाऱ्यांच्या खोलीला खेटून एक छोटी बाग, सोळा वाफे, प्रत्येकावर झाडाचं नाव. सेज, रोझमेरी, पुदिना, बडीशेप. आणि मेथी! आणि जिरं! आजारी माणूस इथे, औषध तिथे, मधे चार पावलं. पुढे ट्यूडर राजांच्या, म्हणजे सोळाव्या शतकाच्या काळातल्या मोठ्या घरांतही हीच सोय. अर्क काढायची वेगळी खोली, आणि तिची किल्ली घरच्या बाईच्या कमरेला. अठराव्या शतकात मात्र बड्या लोकांना घराभोवती गवताचे डोंगर-दऱ्या, तळी, हरणं असलेली उद्यानं हवीशी झाली आणि भाजीपाला, औषधं, सगळं नजरेआड भिंतींपलीकडे गेलं. औषध गावातल्या दुकानात मिळायला लागलं होतंच.

मग विसाव्या शतकात ही झाडं परत आली ती दोन वाटांनी. एक वाट गरजेचीच. पहिल्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियाकडून येणारा औषधी माल बंद पडला, तेव्हा मॉड ग्रीव्ह नावाच्या बाई आपल्या घरच्या बागेतून लोकांना झाडं लावायला, वाळवायला शिकवत होत्या. 1926 साली डोरोथी ह्युअर यांनी याच केंटमध्ये, सील गावात, नुसत्या या झाडांचं शेत सुरू केलं. दुसरी वाट हौसेची, जुन्या इंग्लंडच्या आठवणींची, आणि विटा त्या वाटेवरची. तिचा हा तुकडा 1930 च्या दशकाच्या शेवटी लावला गेला आणि लगेच युद्ध आलं. केंट म्हणजे फ्रान्सच्या समोरचा किनारा, जर्मन उतरले तर आधी इथेच. 1940 च्या त्या उन्हाळ्यात दोघांनी जवळ विष ठेवलं होतं, पकडले गेलो तर घ्यायला. हॅरल्डच्या पत्रांत ते आहे. हिरवळीचं गवत गुरांसाठी कापलं जायला लागलं, माळी लढाईवर गेले. मुख्य माळी जॅक व्हॅसने जाताना बाईंना एकच सांगितलं: कुंपणं तेवढी छाटत राहा, बाकीचं आपण नंतर परत उभं करू. मला या सबंध इतिहासात हे वाक्य सगळ्यात आवडतं. तो खरंच परत आला, आणि कुंपणं होती.

आता त्या यूच्या कुंपणाचीच गंमत सांगते. आतल्या शंभरावर झाडांच्या पाट्यांवर औषध म्हणून जे काही आहे, त्यातलं फार थोडं आज कुठला डॉक्टर लिहून देईल. पण बाहेरची भिंत, जी विषारी म्हणून गुरांपासून लांब ठेवतात, त्या यूच्या पानांपासून कर्करोगावरचं डोसेटॅक्सेल तयार करतात. इंग्लंडात कितीतरी बागांमधल्या यूच्या छाटण्या त्यासाठी गोळा केल्या जायच्या. औषध कुंपणातच उभं होतं.

तर असा माझा निबंध तयार होत असताना आई बाकावरून उठून पुन्हा वाफ्यांपाशी गेली होती. एका निळसर हिरव्या, बारीक गोलसर पानांच्या झुडपाशी ती उभी. त्याला पिवळी चार पाकळ्यांची फुलं. तिने इकडेतिकडे बघितलं, एक पान चिमटीत चुरडलं आणि बोटं नाकाशी नेली. मग तीच बोटं माझ्या नाकाशी आणली.

मला वर्णन करता येत नाही तो वास. उग्र, कडवट, थोडा संत्र्याच्या सालीसारखा, थोडा जुन्या पेटीसारखा. पण मला तो कुठून ओळखीचा आहे हे आधी कळलं आणि मग नाव आठवलं.

"सताप," आई म्हणाली.

पाटीवर 'रू' लिहिलं होतं. सेंट गॅलच्या सोळा वाफ्यांमध्येही हिचा एक वाफा आहे. आमच्या आजीकडे पत्र्याच्या डब्यात सताप होती. बाळाला सर्दी झाली की पान तव्यावर जरा शेकून छातीला लावायची, पाळण्याच्या दोरीला एक डहाळी बांधायची, सर्दीसाठी की दृष्टीसाठी ते तिलाही ठाऊक नसावं. हे झाड मूळचं आपलं नव्हेच. भूमध्य समुद्राकडचं. फारसीत सुदाब, अरबीत सदाब, आपल्याकडे येईतो सताप. आणि इंग्रज ती कशाला वापरायचे? लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात 1750 साली तुरुंगातल्या तापाची साथ आली, लॉर्ड मेयर आणि न्यायाधीशसुद्धा दगावले. तेव्हापासून कैद्याच्या पिंजऱ्यापाशी रू पसरायची, न्यायाधीशांनी वासाच्या पानांचा गुच्छ हाती धरायचा, अशी रीत पडली. पाळण्याला बांधणं आणि न्यायाधीशाच्या हातात देणं, यात मला फारसा फरक दिसत नाही.

मग आई सुटलीच. दोन वाफे पलीकडे सदर्नवूड होतं, केसासारख्या राखाडी पानांचं. हे दवण्याचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं. वास तोच नाही, पण चैत्रात जोतिबाला वाहून आणलेल्या दवण्याची जुडी दुसऱ्या दिवशी जशी येते, तसा. आणि मार्जोरम! इथे ते सॉसेजमध्ये घालतात. आईने वाकून हुंगलं आणि ताठ होऊन म्हणाली, "मरवा आहे हा. हा खातात?"

आजी अबोलीच्या गजऱ्यात मरव्याची पानं गुंफायची. फूल, पान, फूल, पान. फुलं सुकली तरी मरवा दुसऱ्या दिवशी उशीला येत राहायचा.

इथे माझा निबंध मोडला. सताप, मरवा, दवणा. आजीच्या डब्यांमधली ही तिन्ही झाडं कधीही कुठल्या पातेल्यात गेली नाहीत. पाळण्याला, केसाला, देवाला. पुदिना नि गवती चहा मोरीपाशी होता हे खरं, पण ही तिन्ही मागच्या गडग्याला होती, अंगणाच्या पार टोकाला, पाणी घालायला कळशी घेऊन जावं लागायचं. मी गेलेय. आई ते साफ विसरली होती, की तिला आठवायचं नव्हतं, देव जाणे.

विटाबद्दल सांगतात, की डोळे मिटून तिच्या हातात कुठलंही पान दिलं तरी ती नुसत्या वासावरून नाव सांगायची. मी ते आधी वाचलं तेव्हा मला तो दिवाणखान्यातला खेळ वाटला होता.

या बागेबाहेर, खंदकाच्या बाजूला, तिने थाइमचे दोन सपाट तुकडे लावले होते, फुलले की जांभळ्या-पांढऱ्या रंगाची नक्षी दिसते. इराणी गालिचा पसरल्यासारखी. हॅरल्डचा जन्मच तेहरानचा, आणि 1926 साली तो तिथल्या वकिलातीत असताना विटा इजिप्त, हिंदुस्थान करत त्याच्याकडे गेली होती. थाइमच्या वासातला मुख्य अंश थायमॉल, आणि तोच आपल्या ओव्यात. आईला हे सांगायची गरज पडली नाही. ती गुडघ्यावर बसून "ओवा" म्हणून मोकळी झाली होती. तिथे एक माळीणबाई तशाच गुडघ्यावर बसून बोटांनी गवत उपटत होत्या, कारण या गालिच्यात दुसरं कुठलं हत्यार चालत नाही. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली. भाषा लागली नाही.

विटाचा मुलगा नायजेल याने 1954 च्या सुमाराला तिला हळूच विचारलं होतं, की पुढे ही जागा जुनी घरं आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला द्यावी का. तिने डायरीत लिहून ठेवलं की कधीच नाही, माझ्या दारावर ती धातूची पाटी नको. 1962 च्या जूनमध्ये ती गेली. वारसाकर भरणं शक्य नव्हतं, 1967 मध्ये ट्रस्टकडे गेली जागा. पाटी लागली. पण 1959 पासून तिथे असलेल्या दोन बायका, पॅम श्वेर्ट आणि सिबिल क्रॉइट्सबर्गर, 1990 पर्यंत मुख्य माळी म्हणून राहिल्या. केंटच्या या चिकण, पाणी धरून बसणाऱ्या जमिनीत भूमध्य समुद्राकडची झाडं जगवणं म्हणजे दर दोन-चार वर्षांनी पुन्हा लावणं. सेज म्हातारं होऊन लाकूड होतं, रोझमेरी एखाद्या ओल्या हिवाळ्यात जाते. त्यामुळे आज जी बाग आहे तिच्यात विटाच्या हातचं असं एकही झुडूप बहुधा नसेल. भांडं आहे, बैठक आहे, व्हॅसची कुंपणं आहेत.

निघताना दुकानात सतापीचं रोप मिळालं. आईने ते गाडीत मांडीवर धरलं. तिला ते आमच्या मागच्या दाराशी, स्वयंपाकघराच्या पायरीपाशी लावायचं होतं. पण लेबल वाचलं. चीक त्वचेला लागून वर ऊन पडलं तर फोड येतात, मुलांपासून दूर ठेवावं. आमचा पाच वर्षांचा दिवटा मागच्या दारात दिवसभर मातीत असतो. आजीने पाळण्याला बांधलेली हीच. वाद झाला. शेवटी रोप गेलं कुंपणाच्या कडेला, शेजाऱ्यांच्या शेडपाशी. स्वयंपाकघरापासून त्याहून लांब जागा आमच्या मालकीत नाही.

आई रोज सकाळी चहाच्या आधी तिथपर्यंत जाते. येताना बोटं नाकाशी धरलेली. मी म्हटलं, हातमोजे घाल, ऊन लागलं तर फोड येतील.

"ऊन कुठंय इथं!" म्हणते.